तोडणीची यादी आणि पॉइंटर

मी सी भाषा शिकले ती कुठल्या कॉलेजात नाही. एका सहकारी साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये शिकले, प्रिंटरच्या वाया गेलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर. हे सांगताना मला आजही बरं वाटतं, थोडा तोराही येतो, आणि तो मी लपवत नाही.

आमचं गाव जळकोटपासून चार-पाच किलोमीटर आत. वडील एस.टी.च्या डेपोत कामाला होते. माय बाहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती, तेव्हा मी दुसरीत होते आणि शाळा सुटली की तिच्याजवळ दगडाच्या ढिगावर बसून पाढे म्हणायचे. तिला वाचता येत नव्हतं, पण पाढा चुकला की तिला कळायचं, कारण चाल बिघडायची. पुढं बी.एस्सी.ला कुठला विषय घ्यायचा यावर घरात बोलणं निघालं, तेव्हा तिनंच सांगितलं, "गणित घे. त्याच्यात बरोबर त्ये बरोबरच असतंय. कुनी म्हनलं म्हनून चूक होत न्हाय." गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या बाईनं हे म्हणावं याला काय अर्थ होता ते मला नोकरीला लागल्यावर समजलं.

गणितात पदवी झाली. सोलापूरला एक वर्षाचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. त्या कोर्समध्ये सी भाषेचे शेवटचे दोन धडे, ॲरे आणि पॉइंटर, सरांनी "परीक्षेला येत नाही" म्हणून सोडून दिले होते. त्यानंतर कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ऑफिसात बायका आम्ही दोघीच होतो, एक टायपिस्ट आणि एक मी.

कॉम्प्युटर एकच होता. त्याच्यासाठी वेगळी खोली, खिडकीला एअर कंडिशनर, दाराबाहेर चपला काढायच्या. शेतकरी ऑफिसात आले की त्या दारापाशी थांबून काचेतून आत बघत. माझं काम बटणं दाबायचं आणि कागद फाडायचं. प्रोग्रॅम पुण्याच्या एका कंपनीचा इंजिनिअर लिहायचा. तो दोन-अडीच महिन्यांनी यायचा, गेस्ट हाऊसला उतरायचा आणि फ्लॉपी देऊन परत जायचा. माणूस हुशार होता, पण समजावून सांगण्याचा त्याला कंटाळा होता.

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे ऊसतोडणीची यादी. ज्यानं ऊस आधी लावला त्याचा आधी तुटणार, असा नियम. कारखान्याच्या भागाचे गट पाडलेले असत. आमच्या मोठ्या गटात चारशे बारा शेतकरी. प्रत्येकाची एक नोंद: नाव, गाव, उसाची जात, क्षेत्र, लागणीची तारीख. या नोंदी तारखेप्रमाणे लावायच्या आणि यादी छापून गावोगावच्या गट ऑफिसांना लावायची. त्या वर्षी पाऊस असा पडलाच नव्हता. दिवाळीआधीच विहिरींचा तळ दिसत होता. उभा ऊस वाळायला लागला की एक-एक आठवडा जड जातो, म्हणून यादीत आपला नंबर कितवा हे बघायला लोक सकाळपासून गट ऑफिसापुढं बसत.

यादी लागल्यावर चौथ्या दिवशी सास्तूरकडचा एक शेतकरी काचेच्या दाराशी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, खांद्यावर घोंगडी. घरचा धंदा मेंढरांचा, विहिरीवर दीड एकर ऊस केलेला. मी बाहेर आले.

"बाई, म्हाजं नाव न्हाय यादीत," तो म्हणाला.

"असेल. नीट बघितलं का?"

"म्या न्हाय, पोरीनं बगितलं. सातवीला हाय. तीनदा वाचली तिनं. अन् आमच्या शेजाऱ्याचं नाव दोनदा हाय."

मी यादी काढली. पोरीनं बरोबर वाचलं होतं. शेजाऱ्याचं नाव एकाखाली एक दोनदा, आणि या माणसाचा पत्ताच नाही. कॉम्प्युटरच्या फायलीतही तो नव्हता. जणू त्यानं ऊस लावलाच नव्हता.

दुपारपर्यंत ऑफिसभर झालं की ऑपरेटर बाईनं नाव पुसलं. कुणी म्हणालं चुकून, कुणी म्हणालं मुद्दाम. एका क्लार्कनं मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "असल्यांच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय होणार?" 'असल्यांच्या' म्हणजे बायकांच्या, की नव्यांच्या, की आमच्या वस्तीतल्यांच्या, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शेतकी अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. ते वयस्क, कमी बोलणारे गृहस्थ होते.

"तुम्ही काही पुसलं का?"

"नाही, साहेब."

"मग नाव गेलं कुठं?"

"मला शोधावं लागेल. एक दिवस द्या."

त्या शेतकऱ्याचं नाव त्यांनी स्वतः पेनानं यादीत घातलं, लागणीची तारीख जुन्या रजिस्टरातून काढून, त्याच्या खऱ्या जागेवर. जाताना तो माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "बाई, तुमची चूक न्हाय म्हनतो म्या. पन बगा कसं झालं त्ये." कुठल्या भरवशावर म्हणाला कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्रॅमची छापील प्रत काढली आणि ओळ न् ओळ वाचली. इंजिनिअरनं नोंदी डिस्कवरच्या फायलीतच हलवल्या होत्या. दोन नोंदी उलट्या क्रमानं असतील तर दोन्ही वाचायच्या, पहिलीच्या जागी दुसरी लिहायची, मग दुसरीच्या जागी पहिली. चारशे बारा नोंदी अशा अदलाबदल करत लावायला मशीनला अर्धा दिवस लागायचा. बॉयलर पेटायच्या आधीचे ते दिवस. कारखाना स्वतःची वीज करायला लागलेला नव्हता, वीज बोर्डाच्या लाईटवर होता, आणि लाईट दिवसातून तीनदा जायची. ज्या दिवशी यादी लावली त्या दिवशीही गेली होती. लाईट आल्यावर इंजिनिअरच्या सूचनेप्रमाणं मी प्रोग्रॅम परत सुरू केला होता.

मी शेतकी अधिकाऱ्यांसमोर कागदावर दोन ओळी लिहिल्या. वर मेंढपाळाचं नाव, खाली शेजाऱ्याचं.

"मशीन वरच्या ओळीत खालचं नाव लिहितं," मी वरचं खोडून शेजाऱ्याचं नाव लिहिलं. "आता खालच्या ओळीत वरचं लिहायचं. पण तेवढ्यात लाईट गेली."

त्यांनी कागद आपल्याकडं ओढला. दोन्ही ओळींत शेजाऱ्याचंच नाव.

"म्हणजे हे कुणाचंही होऊ शकतं?"

"कुणाचंही. आणि दर वेळी."

त्यांनी पुण्याला ट्रंक कॉल लावायला सांगितलं. दोन तासांनी लागला. इंजिनिअरनं फोन माझ्याकडं द्यायला लावला. मी विचारलं, नोंदी मेमरीत घेऊन पॉइंटरनं लावल्या तर? कोर्समधल्या सोडून दिलेल्या धड्यांची शीर्षकं मला आठवत होती, तेवढ्यावर मी बोलत होते.

"पॉइंटरमध्ये हात घालू नका," तो म्हणाला. "मशीन हँग होईल. तो ऑपरेटरचा विषय नाही. मी पुढच्या महिन्यात येतो."

पुढच्या महिन्यापर्यंत दुसरी, दुरुस्त केलेली यादी लागणार होती. मी साहेबांकडं आठ दिवस मागितले. त्यांनी दिले.

इंजिनिअर मागच्या खेपेला एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स कपाटात विसरून गेला होता. पानं पुसट, मधली काही गायब. मी तीच घेऊन बसले. डबा खायच्या सुट्टीत, लाईट गेली की खिडकीपाशी, जिथं सापडेल तिथं. वाया गेलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर चौकोन काढायचे, चौकोनांना नंबर द्यायचे. ॲरे म्हणजे एकाला एक लागून असलेली घरं, हे मला माहीत होतं. पॉइंटर म्हणजे ज्यात किंमत नसून पत्ता असतो असा डबा, हेही वाचलं. पण दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध ते काही केल्या लागेना. पुस्तकात लिहिलं होतं की ॲरेचं नुसतं नाव लिहिलं की तो पहिल्या घराचा पत्ता असतो. म्हणजे काय? नावच पत्ता कसं असेल?

तिसऱ्या दिवशी मी वाचणं सोडलं आणि मशीनलाच विचारलं. पाच आकड्यांचा ॲरे केला, त्याच्या पहिल्या घराचा पत्ता एका पॉइंटरमध्ये ठेवला आणि पत्ता पडद्यावर छापला. मग पत्त्यात एक मिळवून पुन्हा छापला. दोननं वाढलेला दिसला. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा दोन. मग मी शेतकऱ्यांच्या नोंदींचा ॲरे केला. एक नोंद मेमरीत शंभर बाइटची, म्हणजे शंभर कप्प्यांची, जागा घेत होती. पत्त्यात एक मिळवला. मशीननं शंभर मिळवले.

मी खुर्ची मागं सरकवून उभी राहिले. मशीनला माहीत होतं की हा पत्ता शेतकऱ्याच्या नोंदीचा आहे. मी 'एक' म्हटलं की त्याला 'एक शेतकरी पुढं' असं कळत होतं. आकडा असेल तर एक आकडा, म्हणजे दोन बाइट, पुढं, शेतकरी असेल तर एक शेतकरी पुढं. म्हणून तर a[3] लिहा नाहीतर *(a+3) लिहा, दोन्हींचा अर्थ एकच: सुरुवातीपासून तीन घरं चालून जा आणि आत काय आहे ते आण. पहिल्या घराला शून्य का म्हणतात तेही त्याच क्षणी उलगडलं. तिथं पोचायला चालावंच लागत नाही.

खोलीत कुणी नव्हतं. काचेबाहेर एक शिपाई होता, त्यानं मला एकटीला हसताना बघितलं आणि घाईनं नजर वळवली.

पुढचं काम मग सोपं नव्हतं, पण दिसत होतं. आधी फायलीतली शेजाऱ्याची दुसरी नोंद काढून तिथं रजिस्टरावरून मेंढपाळाची भरली. फायलीतल्या चारशे बारा नोंदी वाचून मेमरीतल्या ॲरेत ठेवायच्या आणि त्यांना हातही लावायचा नाही. शेजारी दुसरा ॲरे करायचा, नुसत्या पॉइंटरांचा. त्यातला प्रत्येक पॉइंटर एकेका शेतकऱ्याच्या नोंदीकडं बोट दाखवणार. क्रम लावताना नोंदी हलवायच्या नाहीत, फक्त पॉइंटर मागंपुढं करायचे. शंभर बाइटची नोंद उचलण्याऐवजी चिमूटभर पत्ता उचलायचा. शेवटी पॉइंटरांच्या क्रमानं छापत जायचं.

शेतकी अधिकाऱ्यांना याची भीती वाटत होती. त्यांच्यासाठी मूळ नोंद म्हणजे रजिस्टर, आणि रजिस्टरात खाडाखोड म्हणजे पाप. मी त्यांच्या टेबलावरच्या पाच फायली तशाच राहू दिल्या. पाच चिठ्ठ्यांवर पाच फायलींचे नंबर लिहिले आणि चिठ्ठ्या तारखेप्रमाणं लावून दाखवल्या.

"फायली जागच्या हलल्या?"

"नाही."

"यादी लागली?"

त्यांनी चिठ्ठ्या एकदा स्वतःच्या हातानं विस्कटल्या आणि परत लावून बघितल्या. "आणि लाईट गेली तर?"

"चिठ्ठ्या उडतील. फायली जिथल्या तिथं. परत लावू."

"करा," ते म्हणाले.

सातव्या दिवशी प्रोग्रॅम चालला. मी त्यांना बोलवून घेतलं, कारण मला कुणाला तरी दाखवायचं होतं. प्रिंटर कर्कर करत यादी काढू लागला. पहिली पानं सुरेख. शेवटच्या पानावर चारशे बारा नावं झाली आणि त्याखाली आणखी एक ओळ छापली गेली. ना धड अक्षरं, ना आकडे. चौकोन, उभ्या रेघा, एक हसरा चेहरा, आणि लागणीची तारीख नव्वदावा दिवस, सत्तरावा महिना.

साहेबांनी चष्मा वर केला. "हा शेतकरी कुठल्या गावचा?"

मला जमिनीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं. पण ते हसत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. चूक एका चिन्हाची होती. शून्यापासून मोजताना चारशे अकरापाशी थांबायला हवं होतं, मी चारशे बारापर्यंत गेले होते. ॲरे संपलेला होता, पॉइंटर मात्र मी सांगितलं तसा एक शेतकरी पुढं चालून गेला आणि तिथं मेमरीत जे काही पडलेलं होतं त्यालाच शेतकरी समजून घेऊन आला. ॲरे कुठं संपतो हे त्याला कळत नाही. ते आपण राखायचं असतं. हा धडा मी कधी विसरले नाही, आणि शिकवताना सगळ्यात आधी हाच सांगते.

खरी परीक्षा दुसऱ्या यादीच्या दिवशी झाली. प्रोग्रॅम सुरू केला आणि दोन-तीन मिनिटांत लाईट गेली. ऑफिसातले सगळे दारापाशी जमले, तो क्लार्कसुद्धा. लाईट आली. मी मशीन चालू केलं, प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू केला. नोंदी जशाच्या तशा होत्या. पूर्वी अर्धा दिवस खाणारं क्रम लावायचं काम चहा येईपर्यंत संपलं, नंतर जो काय वेळ लागला तो प्रिंटरला. मी आणि टायपिस्ट बाईंनी जुनं रजिस्टर समोर ठेवून चारशे बाराच्या चारशे बारा नावं वाचून ताडली. त्या रजिस्टर वाचायच्या, मी यादी. सगळी होती. सास्तूरकडचा मेंढपाळही होता, पेनानं नव्हे, छापील, स्वतःच्या जागेवर. त्याचा ऊस त्याच्या पाळीला तुटला. थोडा वाळला होता, पण तुटला.

त्या आठवड्यात एका बड्या बागाईतदाराचा माणूस आला. गोड बोलला. "म्याडम, आता तर लई सोपं झालंय म्हणं. नोंदीला हात लावायचाच न्हाय, नुसतं बोट फिरवायचं. आमच्या मालकाकडं जरा आधी फिरवा की."

मला त्याचं कौतुकच वाटलं. ऑफिसातल्या कुणापेक्षा त्याला पॉइंटर लवकर कळला होता. मी म्हटलं, "बोट मी फिरवत नाही, लागणीची तारीख ते फिरवते. मालकांनी ऊस आधी लावला असता तर आपोआप वर आले असते."

"तुमी मनावर घेतलं तर व्हतंय."

"प्रोग्रॅमची छापील प्रत साहेबांच्या टेबलावर आहे. त्यात मालकांचं नाव कुठं घालू ते तुम्ही दाखवा."

तो साहेबांकडं गेला. लगेच बाहेर आला आणि माझ्याकडं न बघता जीपमध्ये बसला. आत काय बोलणं झालं ते साहेबांनी मला कधी सांगितलं नाही.

इंजिनिअर पुढच्या महिन्यात आला. त्याला वाटलं होतं बिघडलेलं मशीन नीट करायचंय. मी प्रोग्रॅम त्याच्यापुढं ठेवला. त्यानं उभ्याउभ्या वाचायला सुरुवात केली, मग स्टूल ओढून बसला.  मी पाणी पाजलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"कुठं शिकलात?"

"तुमच्या झेरॉक्समध्ये. बावन्न ते सत्तावन्न पानं नाहीत तिच्यात, तेवढी मिळाली तर बघा."

तो लाजला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्यानं एका ठिकाणी सुधारणा सुचवली, ती चांगली होती, मी केली. पुढच्या वेळी येताना पूर्ण पुस्तक घेऊन आला, नवंकोरं. आणि जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांच्या ऑपरेटरांसाठी त्याच्या कंपनीनं तुळजापूरला चार दिवसांचा वर्ग ठेवला, तेव्हा ॲरे आणि पॉइंटरचा दिवस मला द्या असं त्यानंच सांगितलं.

वर्ग एका लॉजच्या वरच्या हॉलमध्ये होता. नऊ जण होते. दूध संघाचे, सूतगिरणीचे, दुसऱ्या कारखान्याचे. सगळे पुरुष, तिघं माझ्या दुप्पट वयाचे. खालून भाविकांच्या गाड्यांचे हॉर्न येत होते म्हणून खिडक्या लावून घेतल्या. मी खडू घेतला, फळ्यावर पाच घरं काढली, खाली शून्य ते चार आकडे लिहिले. पत्त्यात एक मिळवला की काय होईल, असं विचारलं. आठ जणांनी 'एकनं वाढेल' म्हणून सांगितलं. दूध संघाचे टक्कल पडलेले एक काका गप्प होते. ते पुढं आले, माझ्या हातातून खडू मागून घेतला, पहिल्या घरावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या घरावर नेलं.

"बाई, हे घर अर्धं वलांडून थांबता येत न्हाय, व्हय ना? मंग एक म्हंजे एक घरच की."

"व्हय," मी म्हटलं. माझ्या तोंडून गावचाच शब्द निघाला.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. काकांनी तिसरं घर गाठलं होतं, आणि बाकीचे आठ जण वह्या उघडून घरं काढायला लागले होते.